पडद्यापलीकडचा पर्यवेक्षक

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात नोकरी मागणाऱ्या उमेदवाराकडे पदवीच्या जोडीने, आणि पुष्कळदा पदवीच्याही आधी, जे विचारले जाते ते व्यावसायिक प्रमाणपत्र होय. हे प्रमाणपत्र सहसा विद्यापीठ किंवा सरकारी परीक्षा मंडळ देत नाही. ते देतात बहुतांशी अमेरिकेतून कारभार चालवणाऱ्या खासगी किंवा व्यावसायिकांच्या सभासदत्वावर उभ्या असलेल्या संस्था. कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस, ईसी-कौन्सिलची सीईएच, आयसाकाची सीसा, आयएससी-टूची सीआयएसएसपी, जीआयएसीच्या विविध परीक्षा आणि ऑफसेकची ओएससीपी ही नावे पुण्या-मुंबईच्या नोकरीच्या जाहिरातींत आता इतकी रुळली आहेत की त्यांचा उलगडा करण्याची गरज जाहिरात देणाऱ्यालाही वाटत नाही. यांपैकी काही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या आहेत, तर काहींत प्रत्यक्ष यंत्रणेवर काम करून दाखवावे लागते. मात्र त्यांतील बहुतेक परीक्षा आता घरात बसून, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर, दूर कोठेतरी बसलेल्या अनोळखी माणसाच्या देखरेखीखाली देता येतात. या पद्धतीला दूरस्थ पर्यवेक्षण म्हणतात आणि देखरेख करणाऱ्याला सर्वत्र ‘प्रॉक्टर’ याच नावाने ओळखले जाते.

या प्रमाणपत्रांना एवढे मोल येण्यामागे एक जुना सरकारी निर्णय आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ मध्ये ८५७० या क्रमांकाची नियमावली काढून आपल्या माहितीप्रणाली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ठरावीक प्रमाणपत्रे बंधनकारक केली आणि त्यामुळे खासगी संस्थांच्या परीक्षांना अर्धशासकीय वजन प्राप्त झाले. अमेरिकी कंपन्यांची कामे करणाऱ्या भारतीय कंपन्यांकडे तीच अपेक्षा करारांतून येऊन पोहोचली. भारतातील कारणे अधिक जवळची आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत घुसखोरी करून हल्लेखोरांनी दोन दिवसांच्या व्यवहारांत, देशोदेशींच्या एटीएममधून आणि स्विफ्ट या आंतरबँक संदेशप्रणालीतून मिळून, सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेले, आणि सुरक्षेचे काम संगणक विभागातल्या एखाद्या जाणत्या माणसावर सोपवून भागणार नाही, हे सहकारी बँकांच्या संचालक मंडळांनाही उमगले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळवण्याचे बंधन घातले आणि प्रशिक्षित मनुष्यबळाची निकड आणखी वाढली. हे मनुष्यबळ पारखायचे कसे, हा प्रश्न मात्र नोकरी देणाऱ्यांपुढे कायम राहिला, कारण ज्या संस्थेत सुरक्षेचा एकही जाणकार नाही तिने पहिला जाणकार निवडावा तरी कोणत्या कसोटीवर? प्रमाणपत्र हे त्या प्रश्नाचे सोपे उत्तर ठरले, आणि म्हणूनच ते देणाऱ्या परीक्षेवरचा विश्वास ही पैशात मोजता येणारी गोष्ट बनली.

हा विश्वास पूर्वी परीक्षा केंद्राच्या चार भिंतींवर उभा होता. पिअर्सन व्ह्यू किंवा पीएसआय यांसारख्या कंपन्यांच्या केंद्रांत खिसे तपासून, घड्याळ काढून ठेवायला लावून, काही ठिकाणी तळहातातील रक्तवाहिन्यांची ठेवण यंत्राने टिपून उमेदवाराला आत सोडले जाई. घरून परीक्षा देण्याची सोय त्याही काळात होती. प्रॉक्टरयू ही या व्यवसायातील आरंभीची एक कंपनी २००८ मधली आहे. पण मार्च २०२० मध्ये जगभरची केंद्रे बंद झाली, तेव्हा प्रमाणन संस्थांचे उत्पन्न आणि उमेदवारांच्या नोकऱ्या दोन्ही एकाच वेळी अडून बसल्या आणि जी पद्धत कडेकडेने चालू होती ती काही आठवड्यांत मुख्य रस्त्यावर आली. कॉम्पटियाने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्या परीक्षा घरून देण्याची मुभा दिली. महासाथ ओसरली, केंद्रे पुन्हा उघडली, पण ती मुभा कायम राहिली.

दूरस्थ पर्यवेक्षणाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात माणूस प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळी उमेदवाराकडे आणि त्याच्या पडद्याकडे पाहत असतो. दुसऱ्यात सगळे चित्रित करून ठेवतात आणि नंतर तपासतात. तिसऱ्यात पाहण्याचे काम संगणकावर सोपवलेले असते, आणि नजर वळली, ओठ हलले, चेहरा चौकटीबाहेर गेला किंवा दुसरा आवाज आला की प्रणाली त्या क्षणावर खूण करते. सायबर सुरक्षेच्या मोठ्या परीक्षांत मुख्यतः पहिला प्रकार वापरला जातो, मात्र त्याला तिसऱ्याची जोड असते.

सिक्युरिटी प्लस या परीक्षेचे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे, कारण या क्षेत्रात पाऊल ठेवणारे अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. तिच्या सध्याच्या आवृत्तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवायचे असतात आणि १०० ते ९०० या मोजपट्टीवर ७५० गुण मिळाले तर उमेदवार उत्तीर्ण होतो. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी प्रवेशाची प्रक्रिया सुरू होते: मोबाइलवरून स्वतःचा चेहरा, ओळखपत्र आणि बसण्याच्या जागेच्या चारही बाजूंची छायाचित्रे पाठवावी लागतात, आणि त्यानंतर तोच मोबाइल हाताच्या अंतराबाहेर ठेवावा लागतो. टेबलावर वही, कागद, पेन, दुसरा मॉनिटर, हेडफोन यांपैकी काही चालत नाही. कच्चे काम करायचे तर पडद्यावरच्या फळ्यावर माउसने. खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, आणि उमेदवाराने कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाता कामा नये. प्रश्न पुटपुटत वाचण्याची सवय ज्यांना शाळेपासून लागलेली असते त्यांना तर विशेष जपावे लागते, कारण ओठांची हालचाल हा इशारा देण्याजोगा प्रकार मानतात आणि पुन्हा घडल्यास परीक्षा तिथेच थांबवण्याचा अधिकार पर्यवेक्षकाकडे असतो. संगणकाचीही झडती होते. परीक्षेचे सॉफ्टवेअर इतर प्रोग्रॅम बंद करायला लावते, दूरवरून ताबा देणारी साधने चालू आहेत का आणि आपण स्वतः आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत चालवलेल्या दुसऱ्या संगणकात, तर चालत नाही ना, हे पाहते. सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्याच्या लॅपटॉपवर नेमकी हीच साधने ठासून भरलेली असतात आणि कार्यालयीन लॅपटॉप कंपनीच्या फायरवॉलने बांधलेला असतो, त्यामुळे जाणते उमेदवार परीक्षेसाठी वेगळा, कोरा लॅपटॉप मिळवण्याच्या खटपटीला अभ्यासाइतकेच महत्त्व देतात.

हा सगळा बंदोबस्त कोणाविरुद्ध आहे, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही. सुरक्षेच्या शास्त्रात कोणताही उपाय योजण्यापूर्वी हल्लेखोर कोण, त्याला काय हवे आणि तो कोणत्या वाटेने येईल यांचा आराखडा मांडतात. तोच आराखडा परीक्षेला लावला तर तीन वेगवेगळे गैरप्रकार समोर येतात. पहिला तोतयेगिरीचा: उमेदवाराच्या नावावर दुसऱ्याच जाणकाराने परीक्षा देणे, किंवा उमेदवार कॅमेऱ्यासमोर बसलेला असताना माउस दुसऱ्या गावातल्या कोणी तरी चालवणे. दुसरा आयत्या वेळच्या मदतीचा, म्हणजे चिठ्ठी, मोबाइल, कानातले यंत्र किंवा अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा संवादक. तिसरा, आणि सर्वांत मुरलेला, ‘डम्प्स’चा: परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवणीतून किंवा चोरून बाहेर आणलेले खरे प्रश्न उत्तरांसह विकणे आणि पुढच्यांनी ते पाठ करणे.

यांपैकी दुसऱ्या प्रकाराला कॅमेरा बऱ्यापैकी आळा घालतो. पहिल्या प्रकारात त्याचा उपयोग अर्धामुर्धा आहे: चेहरा आणि ओळखपत्र जुळवता येतात, पण माउस कोणाच्या हाती आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही, ते केवळ संगणकात खोलवर शिरलेल्या सॉफ्टवेअरला कळू शकते, आणि म्हणूनच ते सॉफ्टवेअर इतके अधिकार मागते. तिसऱ्या प्रकारापुढे मात्र कॅमेरा पूर्णपणे हतबल आहे, कारण पाठांतर करून आलेला उमेदवार सरळ बसतो, पडद्याकडेच पाहतो, कोणाशी बोलत नाही आणि कोणताही नियम मोडताना दिसत नाही. त्याला पकडण्याचे मार्ग वेगळेच आहेत: प्रश्नसंच मोठा ठेवून तो वारंवार बदलणे, अवघड प्रश्नांची उत्तरे अशक्य वेगाने दिली गेली का हे सांख्यिकीने तपासणे, आणि पाठांतराने न सुटणारे प्रात्यक्षिक प्रश्न घालणे. हे मार्ग महागडे आणि मेहनतीचे आहेत. खोलीची छायाचित्रे मागवणे त्या मानाने स्वस्त पडते, आणि दूरस्थ पर्यवेक्षणाविषयीच्या आक्षेपांचे मूळ याच ठिकाणी आहे: जो गैरप्रकार प्रमाणपत्राची किंमत सर्वाधिक घटवतो त्याच्याविरुद्ध कॅमेऱ्याचा उपयोग सर्वांत कमी आहे, आणि त्या कॅमेऱ्याचा जाच मात्र प्रामाणिक उमेदवारालाही पुरेपूर सोसावा लागतो.

या पार्श्वभूमीवर ओएससीपी या परीक्षेचा इतिहास बोलका आहे. काली लिनक्स ही सुरक्षा चाचणीसाठीची संगणकप्रणाली ज्या संस्थेने २०१३ मध्ये जगापुढे आणली त्याच संस्थेची ही परीक्षा असून तिच्यात एकही बहुपर्यायी प्रश्न नसतो. उमेदवाराला संस्थेच्या जाळ्याशी सुरक्षित दुवा जोडून दिला जातो, त्या जाळ्यात मुद्दाम दुर्बल ठेवलेली यंत्रे असतात, आणि २३ तास ४५ मिनिटांत त्यांत प्रवेश मिळवून सर्वोच्च अधिकार हस्तगत करायचे असतात. तीन स्वतंत्र यंत्रांचे प्रत्येकी २० आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या, म्हणजे कार्यालयीन जाळ्यातील खाती व अधिकार सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, संचाचे ४० असे मिळून १०० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ७० लागतात. नोव्हेंबर २०२४ पासून या संचासाठी एका सामान्य कर्मचाऱ्याचे खाते सुरुवातीलाच हाती दिले जाते, कारण खऱ्या जगातही हल्लेखोर पुष्कळदा एखाद्याचा पासवर्ड मिळवूनच आत शिरलेला असतो. वेळ संपल्यावर आणखी २४ तास मिळतात, ते कोणत्या पायऱ्यांनी कोठे पोहोचलो याचा अहवाल लिहिण्यासाठी.

या परीक्षेतील एक बारकावा तिच्या रचनेचे मर्म सांगून जातो. प्रत्येक यंत्रात ठरावीक ठिकाणी एक छोटी फाइल दडवलेली असते आणि तिच्यात अक्षरांची व अंकांची एक लांबलचक ओळ असते. ती ओळ नियंत्रणफलकावर भरणे पुरेसे नसते. त्या यंत्रावर प्रत्यक्ष ताबा असताना ती फाइल उघडून दाखवणारी आज्ञा आणि त्या यंत्राचा नेटवर्कमधील पत्ता एकाच पडदाचित्रात दिसावा लागतो, आणि ते चित्र अहवालात नसेल तर रात्रभर खपून मिळवलेले गुण हातचे जाऊ शकतात. अहवाल असा असावा लागतो की वाचणाऱ्या तंत्रज्ञाने त्या बरहुकूम पावले टाकली तर त्यालाही तोच परिणाम मिळावा. साधनांवरही मर्यादा आहेत: मेटास्प्लॉइट हे तयार हल्ल्यांचे भांडार एकाच यंत्रावर वापरता येते, आपोआप छिद्रे शोधून त्यांतून आत शिरणारी साधने वर्ज्य आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे संवादकही. मात्र स्वतःच्या टिपणवह्या, जुने अभ्यास आणि इंटरनेटवरचा शोध यांना मोकळीक आहे, कारण काम करताना कोणताही तज्ज्ञ हेच करतो.

अशा परीक्षेला पर्यवेक्षकाची गरज काय, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि अनेक वर्षे ती पर्यवेक्षकाविनाच होत असे. पण यंत्रे फोडणारा आणि प्रमाणपत्रावर नाव असलेला माणूस एकच आहे, याची हमी अहवालातून मिळत नाही. प्रमाणपत्राचा भाव वाढला तशी तोतयेगिरीची भीतीही वाढली आणि २०१८ मध्ये संस्थेने कॅमेरा व पडद्याची देखरेख लागू केली. तिची पद्धत मात्र वेगळी आहे. आवाज ऐकला जात नाही; पुटपुटायला, टेबलावर चहाचा कप ठेवायला, उठून फेऱ्या मारायला बंदी नाही; जेवायला, झोपायला किंवा पाय मोकळे करायला जाताना पर्यवेक्षकाला संदेश पाठवायचा आणि परतल्यावर पुन्हा पाठवायचा, एवढेच बंधन असते. मध्यरात्री पाळी बदलते, नवा पर्यवेक्षक संदेशातून हजेरी लावतो, आणि उमेदवाराची लढाई चालू राहते. ज्यांनी ही रात्र काढली आहे अशांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते: सुरुवातीचा तासभर कॅमेऱ्याची जाणीव टोचत राहते, आणि पहिले यंत्र हाती आले की ती विरते. प्रश्नच असा असेल की तो सोडवण्यासाठी खरे कौशल्य लागते, तर देखरेखीला फारसे काही पाहावे लागत नाही. तिला ओळख पटवून घेता आली आणि शेजारी दुसरा कोणी बसलेला नाही एवढे दिसले, तरी पुरते. अर्थात ही रचनाही अभेद्य नाही. २०१९ च्या सुरुवातीला याच परीक्षेतील यंत्रांची उत्तरे इंटरनेटवर उघड झाली होती, आणि त्यावरचा उपाय कॅमेरा वाढवणे हा नव्हता, यंत्रे बदलणे हाच होता.

जीआयएसीच्या परीक्षांनी दुसरी वाट धरली आहे. तिथे छापील पुस्तके आणि टिपणे सोबत ठेवण्याची परवानगी आहे, त्यामुळे उमेदवार शेकडो पानांच्या अभ्याससाहित्याची स्वतः सूची तयार करतात, रंगीत पट्ट्या चिकटवतात, आणि ती सूची करता करताच अभ्यास पक्का होतो. याउलट आयएससी-टूने २०२१ मध्ये अमेरिकेत घरून परीक्षेचा मर्यादित प्रयोग करून पाहिला, पण सीआयएसएसपीसाठी पुढेही केंद्राचाच आग्रह धरला.

महाराष्ट्रातील उमेदवाराच्या दृष्टीने पाहिले तर दूरस्थ पर्यवेक्षणाने एक मोठी सोय केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परभणीच्या किंवा सिंधुदुर्गच्या मुलीला परीक्षेसाठी पुणे-मुंबई गाठण्याची, तिथे आदल्या रात्री नातेवाइकांकडे उतरण्याची, आणि घरच्यांना त्यासाठी राजी करण्याची गरज उरली नाही. नोकरी करणाऱ्याला रजा न टाकता रात्रीची वेळ निवडता येऊ लागली. परंतु केंद्र जी साधने पुरवत असे ती सगळी आता उमेदवाराने पुरवायची आहेत. स्वतंत्र, दार बंद होणारी खोली ही त्यातली पहिली, आणि दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहत असतील तर ती मिळवणे अभ्यासापेक्षा कठीण असते. आजी औषधाची वेळ झाली म्हणून दार उघडून आत डोकावली, एवढ्यानेही सत्र रद्द होऊ शकते. देखभालीसाठी महावितरण आठवड्यातून ज्या वारी वीज बंद ठेवते तो वार टाळून वेळ घ्यावी लागते. इन्व्हर्टर लॅपटॉप सांभाळतो, पण गल्लीतल्या केबलवाल्याचा स्विच बंद पडला तर ब्रॉडबँड जाते, म्हणून मोबाइलचे हॉटस्पॉट तयार ठेवावे तर परीक्षेदरम्यान मोबाइलला हात लावायचा नाही असा नियम आडवा येतो. चोवीस तासांच्या परीक्षेत अर्ध्या तासाचा खंड पचवता येतो. नव्वद मिनिटांच्या परीक्षेत तो बहुधा सारे संपवून टाकतो.

नावाचा प्रश्न तर मराठी माणसाच्या खास वाट्याला आलेला आहे. शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पारपत्रावर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून एका रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात येते. पॅनकार्डावर, आधारवर आणखी निराळी मांडणी असू शकते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या दोन कागदांवर दोन भिन्न व्यक्ती नांदत असतात. परीक्षा संस्थेचा नियम मात्र पहिले आणि शेवटचे नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळावे असा असतो, आणि तो तपासणाऱ्या परदेशी पर्यवेक्षकाला यामागची रीत ठाऊक असण्याचे कारण नाही. नोंदणी करतानाच खात्यावरचे नाव पारपत्राप्रमाणे करून घेणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे, आणि परीक्षेच्या दिवशी तो करता येत नाही.

पैशाचा भाग यातून वेगळा काढता येत नाही. ओएससीपीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षेची एक संधी मिळून १,७४९ डॉलर, म्हणजे दीड लाख रुपयांच्या आसपास, पडतात आणि पुन्हा बसायचे झाल्यास २४९ डॉलर भरावे लागतात. सीआयएसएसपीच्या परीक्षेचे शुल्क ७४९ डॉलर आहे. नवख्या विश्लेषकाच्या कित्येक महिन्यांचा पगार घरून दिलेल्या ज्या परीक्षेवर लावलेला असतो, ती वीज, केबल आणि शेजारच्या मंगल कार्यालयाचा लाउडस्पीकर यांच्या हवाली असते.

यंत्राने माणसाचा चेहरा वाचण्याविषयीचे आक्षेप केवळ कल्पनेतले नाहीत. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातील प्रणालींची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ०.८ टक्क्यांपर्यंतच राहिली, तर सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने परीक्षेचे सॉफ्टवेअर आपला चेहरा ओळखत नसल्याची तक्रार केली, तेव्हा नेदरलँड्सच्या मानवाधिकार संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये भेदभावाचा सकृद्दर्शनी संशय योग्य ठरवला; ऑक्टोबर २०२३ च्या अंतिम निर्णयात तो भेदभाव सिद्ध झाला नाही. या दोन निर्णयांतील अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण यंत्राने अन्याय केला असे वाटणे आणि तो पुराव्याने दाखवणे यांत फरक असतो, आणि पुरावा ज्याच्या हाती असतो तो विद्यार्थी नसतो. खुणा करणाऱ्या यंत्रावर किती विसंबावे याचे उत्तर तर या व्यवसायातूनच आले: प्रॉक्टरयूने मे २०२१ मध्ये निव्वळ स्वयंचलित पर्यवेक्षण विकणे बंद केले आणि त्याचे कारण सांगताना, यंत्राने संशयित ठरवलेल्या सत्रांपैकी सुमारे ११ टक्केच सत्रे संबंधित संस्था तपासून पाहतात, असे नमूद केले.

सुरक्षेच्या प्रत्येक प्राथमिक पाठ्यपुस्तकात गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता या तीन गुणांचा त्रिकोण पहिल्याच प्रकरणात शिकवतात. माहिती नको त्याच्या हाती पडू नये, तिच्यात ढवळाढवळ होऊ नये आणि हवी तेव्हा ती मिळावी, असा त्याचा आशय. परीक्षा संस्था आपल्या परीक्षेची अखंडता राखण्यासाठी उमेदवाराची गोपनीयता मागते आणि उपलब्धतेचा धोकाही त्याच्याच पदरात घालते. ओळखपत्राचे चित्र, चेहरा, खोली, पडद्यावरची प्रत्येक हालचाल हा सारा साठा कोठे तरी जमा होतो, आणि जमा झालेला साठा फुटू शकतो, हे २०२० मध्ये प्रॉक्टरयूच्या सुमारे ४ लाख ४४ हजार वापरकर्त्यांच्या नोंदी बाहेर आल्या तेव्हा दिसले. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील एका सरकारी विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या शयनगृहाचे कॅमेऱ्यातून केलेले निरीक्षण हे घटनेतील अवाजवी झडतीविरुद्धच्या हमीचा भंग आहे, असा निकाल संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. खासगी संस्थेला तो लागू होत नाही, पण घराची खोली ही परीक्षागृहाइतकी सार्वजनिक नसते, हे तत्त्व त्यात स्पष्ट झाले.

भारतातील कायदा या ठिकाणी अर्धवट पोहोचतो. जून २०२४ मध्ये अमलात आलेला सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याचा केंद्रीय कायदा लोकसेवा आयोग, रेल्वे, बँक भरती, राष्ट्रीय परीक्षा संस्था यांच्या परीक्षांपुरता आहे. खासगी प्रमाणपत्रे त्याच्या कक्षेबाहेर राहतात, त्यामुळे तोतया बसवणाऱ्या दलालावर कारवाई करायची तर फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमांचाच आधार घ्यावा लागतो. दुसऱ्या बाजूने, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा भारतातील लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी संस्थांनाही लागू होतो. त्यात संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि विशिष्ट कारणापुरती घेतलेली असावी असे म्हटले असून आपल्या माहितीचा तपशील मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, गरज संपल्यावर पुसून टाकायला लावण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यायच्या आहेत. नोकरीची अट म्हणून जी परीक्षा द्यावीच लागते तिच्यासाठी दिलेली संमती कितपत मोकळी मानायची, हा वाद तेव्हा उभा राहील, आणि तो उभा राहायला हवा.

तोपर्यंत करण्याजोग्या गोष्टी अगदीच अवघड नाहीत. लातूर, जळगाव, कोल्हापूर, रत्नागिरी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे वीज न जाणाऱ्या प्रयोगशाळा, स्थिर इंटरनेट आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या राहणाऱ्या खोल्या आहेत. त्यांतल्या दोन-तीन खोल्या दार बंद करून, रिकामे टेबल, एक कोरा लॅपटॉप आणि दारावर ‘परीक्षा चालू आहे’ अशी पाटी लावून तासाच्या माफक भाड्याने दिल्या, तर घरात जागा नाही म्हणून मागे राहणारे उमेदवार परीक्षेला बसू शकतील. प्रमाणन संस्थांनी ओएससीपीच्या दिशेने जाऊन पाठांतराला निरुपयोगी ठरवणारे प्रश्न वाढवावेत आणि घराच्या आत डोकावण्याची कक्षा ओळख पटवण्यापुरती आखडती घ्यावी. आणि सत्र मध्येच रद्द झालेल्या उमेदवाराला ‘नियमभंग आढळला’ अशा एका ओळीवर बोळवण न करता कोणत्या मिनिटाला, कोणत्या हालचालीवर, माणसाने की यंत्राने आक्षेप घेतला हे लेखी कळवावे, तेवढ्या भागाचे चित्रण त्याला दाखवावे, आणि त्याच्या अपिलाचा निर्णय मूळ पर्यवेक्षकाहून वेगळ्या व्यक्तीने द्यावा. आज उमेदवाराच्या हाती उरते ते एवढेच, की परीक्षेआधीच्या प्रणाली-चाचणीचा निकाल, तक्रारीचा क्रमांक, पर्यवेक्षकाशी झालेल्या संवादाच्या वेळा आणि वीज किंवा इंटरनेट गेल्याचा पुरवठादाराचा संदेश हे सारे त्याच दिवशी जपून ठेवावे आणि लेखी फेरपरीक्षा मागावी. ज्यांच्याजवळ हे कागद असतात त्यांचे म्हणणे निदान ऐकून तरी घेतले जाते.